नऊ दिवसांचे भन्ते

"तुमची माय हाय का जिवंत?" आजीने मोठ्या भन्तेंना थेट विचारलं.

विहारात येऊन आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता. आईने मागून आजीचा पदर ओढला. बाबा खाली मान घालून बसले. मोठे भन्ते सत्तरीचे, किडकिडीत, लाकडी चौथऱ्यावर मांडी घालून बसलेले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी शेजारच्या तरुण भन्तेंकडे पाहिलं.

तरुण भन्तेंचं नाव खन्तिको. पाली शिकायला ते सहा वर्षं पुण्यात राहिले होते आणि मराठी तिथल्या खाणावळींमध्ये शिकले होते. त्यांच्या मराठीत तो, ती, ते सगळं एकच होतं.

"आजी, प्रश्न खूप चांगली आहे," ते म्हणाले आणि थाईमध्ये सांगू लागले.

मोठे भन्ते हसले. मग बराच वेळ सावकाश बोलले.

"मोठे भन्ते म्हणतात, आई गेली. वीस वर्ष झाला. शेवटी तिला चालता येत नव्हती, म्हणून गावातून इथे आणली. मागच्या झोपडीत होती. भिक्षेचा भात आला की पहिला वाटा आईचा, मग मोठे भन्ते जेवत होते."

आजीने ते ऐकून घेतलं. "मंग हे चांगले हायेत," असं आम्हाला सांगून तिने त्यांना वंदन केलं.

ही १९९५ सालच्या जूनअखेरची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. थायलंडच्या ईशान्येला, नजर जाईल तिथवर भातखाचरं असलेल्या एका गावात आम्ही चौघं येऊन पोचलो होतो. आजी, बाबा, आई आणि मी. घर सोडून सात महिने झाले होते.

आमचं स्वतःचं घर चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीला लागून. बाबा, म्हणजे हरिदास खोब्रागडे, खाणीत सरदार होते. पाळी सुरू होण्याआधी सरदाराने आत जायचं, काठीने छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. आवाज भरीव आला तर माणसं आत सोडायची. पोकळ आला तर कोणाला पुढे जाऊ द्यायचं नाही. बावीस वर्षं बाबांनी हे काम केलं. मग एका सकाळी त्यांनी ठोकून पाहिलेलं छत दोन तासांनी खाली आलं आणि दामोदर वाघाडे त्याखाली गेले. वाघाडेकाका आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. त्यांची मुलगी रंजू माझ्या बाकावर बसायची. चौकशी झाली. बाबांचा दोष निघाला नाही. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "बावीस वर्षं जमिनीखाली काढली. आता जरा वरची जमीन बघू. बुद्ध जिथं जिथं पोचला, तिथं तिथं जाऊ."

"आनि पोरीची शाळा?" आईने विचारलं.

"एक वर्ष मागं पडेल."

मला तेवढंच हवं होतं. वाघाडेकाका गेल्यापासून रंजू माझ्याशी बोलत नव्हती. बाकही तिने बदलला होता.

ते सात महिने आठवले की आजही पायांना चालायची हुक्की येते. बोधगयेला आम्ही महिनाभर होतो. पहाटे उठून महाविहारात वंदनेला जायचं आणि दिवसभर देशोदेशीची माणसं बघायची. तिबेटी बाया फळीवर आडव्या होऊन दिवसभर दंडवत घालायच्या. आजी त्यांच्याजवळ बसून आपले गुडघे चोळायची आणि म्हणायची, "यायच्या गुडघ्याले का तेल लावते बापा?" लुंबिनीला जाताना सायकलरिक्षातून सीमा ओलांडली तेव्हा आई नाराज झाली होती. "परदेश म्हणजे हाच का? इकडचीच धूळ तिकडे," ती म्हणाली. पण काठमांडूला एका सकाळी धुकं सरलं, मागचे बर्फाचे डोंगर उघडे झाले, आणि हातातला भाताचा चमचा तसाच धरून आई किती तरी वेळ उभी राहिली. तिथल्या स्तुपाभोवतीची प्रार्थनाचक्रं आजी उलट्या दिशेने फिरवत निघाली. समोरून आलेल्या एका म्हाताऱ्या तिबेटी बाईने तिचा हात धरून तिला वळवलं आणि हात न सोडता तिच्यासोबत तीन फेऱ्या घातल्या. दोघी आपापल्या भाषेत अखंड बोलत होत्या.

कलकत्त्याहून विमानात चढताना आजीने दाराशी चपला काढल्या. रंगूनच्या बाजारात तर ती हरखूनच गेली. तिथल्या बाया भर रस्त्यात मोठमोठे चिरूट ओढत होत्या. आजीने उभा जन्म विड्या वळून काढलेला. तिने एका दुकानापुढे बसकण मारली, पान मागितलं, तंबाखू मागितला आणि असा नेटका चिरूट वळून दिला की पाचसहा बाया काम सोडून बघायला आल्या. त्या दिवशी आम्हाला जेवण तिथेच मिळालं. आईजवळ भिवापुरी तिखटाचा डबा होता. पाच गावच्या पाण्यात तिने वरण शिजवलं, आणि प्रत्येक ठिकाणी ते आमच्या घरच्यासारखंच लागलं.

बाबा मात्र खोलीत झोपत नसत. धर्मशाळा असो की विहार, त्यांची वळकटी ओसरीत किंवा उघड्यावर. आईच त्यांचं अंथरूण बाहेर टाकून यायची.

तर या गावी आम्ही आलो ते खन्तिको भन्तेंच्या ओळखीने. दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला आले होते, तेव्हापासून बाबांचा आणि त्यांचा पत्रव्यवहार होता. बाबांनी आम्हाला रंगूनमध्येच सांगून ठेवलं होतं, की पावसाळ्याचे तीन महिने, म्हणजे वर्षावासापुरतं, ते इथे चीवर घेणार. तिकडे तशी पद्धतच आहे. गावातले कितीतरी पुरुष थोडे दिवस भन्ते होऊन येतात. आम्ही तिघींनी विमानाने कलकत्त्याला जायचं. तिथे मामा घ्यायला येणार होता. दिवाळीच्या आत बाबा घरी हजर. आईने ते मान्य केलं होतं. "तीन महिने शांत बसतील तर बरंच हाय," ती आजीला म्हणाली होती.

चौथ्या दिवशी बाबांचे केस काढायचे होते. त्या गावी रीत अशी, की आधी घरच्यांनी एकेक बट कापायची आणि मग भन्तेंनी वस्तरा चालवायचा. सगळ्यात आधी मुलाने आईवडिलांची क्षमा मागायची आणि परवानगी घ्यायची. गावच्या बायांनी सकाळपासून फुलं गुंफली होती. विहारासमोरच्या चिंचेखाली चटई घातली. पांढरं धोतर नेसलेले बाबा आजीपुढे गुडघ्यांवर बसले. हातात फुलांचं तबक.

आजीच्या हातात कात्री दिली होती. मोठे भन्ते बाजूच्या खुर्चीवर बसले होते. ते काहीतरी बोलले.

खन्तिको भन्तेंनी विचारलं, "हरिदासजी, मोठे भन्ते विचारतात, किती दिवस चीवर पाहिजे?"

सोपाच प्रश्न होता. आईने माझ्याकडे बघून तीन बोटं दाखवली, जणू परीक्षेतलं उत्तर. बाबा तबकातली फुलं सारखी करत राहिले. खन्तिको भन्तेंना वाटलं आपलं मराठी चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

बाबा तबकाकडे बघत म्हणाले, "परत जायचं नाही."

"काय म्हणाले?" आजीने आईला विचारलं. तिला ऐकू कमी यायचं.

आई बाबांकडेच बघत राहिली. तेव्हा बाबांनीच मान वर केली. "माय, कायमचं. मी आता घरी येत नाही."

आजीने कात्री चटईवर ठेवली. गावच्या बायांना शब्द कळले नाहीत, पण त्यांची कुजबुज थांबली. मोठ्या भन्तेंनी आळीपाळीने आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलून उठले.

"मोठे भन्ते म्हणतात, आज नाही," खन्तिको भन्ते म्हणाले. "आईला विचारायचा नियम आहे. पण मोठे भन्ते सगळ्यांना विचारणार. उद्या. घाई काही नाही."

दुपारी मी आणि आजी, आम्हाला उतरायला दिलेल्या झोपडीत पडलो होतो. बांबूच्या भिंतीपलीकडे, पाण्याच्या रांजणाजवळ, आईबाबा बोलत होते. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. आजीनेही घेतलं असावं.

"सात महिने माझ्यासोबत चालत होतात," आई म्हणत होती. "मी तुमचं अंथरूण टाकत होते. आनि तुमच्या मनात रोज हेच होतं?"

"रोज नाही. रंगूनपासून."

"मग रंगूनला का नाही सांगितलं?"

बाबांनी रांजणाचं झाकण सरकवलं.

"चौकशीत तुमचं नाव सुटलं ना हो. सायेबानं कागदावर लिहून दिलं."

"चौकशीला आवाज ऐकू आला नव्हता, सुगंधा. मला आला होता." बाबांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "एका जागी जरा वेगळा वाटला. मी पुन्हा ठोकलं. मग बरोबर वाटला. पाळी उभी होती, सगळे थांबले होते. तिसऱ्यांदा ठोकायला पाहिजे होतं. नाही ठोकलं. दामोदर माझ्याकडे बघून हसला आणि आत गेला."

सात महिन्यांत काय, त्याआधीच्या वर्षभरातही बाबांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"घरी गेलो की बाजाराला त्यांच्याच दारासमोरून जावं लागते," बाबा म्हणाले. "ती पोरगी दारात उभी राहते. काही बोलत नाही. नुसती बघते. मला ते जमत नाही आता."

"आनि मले जमेल?" आई म्हणाली. "तुम्ही नसताना त्याच दारासमोरून मी जाईन. ते जमेल मले?"

रांजणात कोणीतरी तांब्या बुडवल्याचा आवाज आला. मग आई आत आली, आमच्या बाजूला पाठ करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या भन्तेंनी आम्हाला मोठ्या दालनात बोलावलं. समोर सोनेरी बुद्धमूर्ती, बाजूला उदबत्त्या. आधी सगळ्यांनी मिळून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. शब्द तेच, जे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. फक्त चाल वेगळी. प्रत्येक शीलातलं "वेरमणी", म्हणजे दूर राहीन, तिकडे फार लांबवतात. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी इतरांसोबत मोठ्याने म्हटलं.

मग मोठ्या भन्तेंनी आजीकडे पाहिलं.

"आजी, तुमची परवानगी आहे का?" खन्तिको भन्तेंनी विचारलं.

आजी रात्रभर जागी असावी. डोळे लाल होते. "हा माझा एकुलता एक हाय," ती म्हणाली. "याच्या बापाच्या मागं मी विड्या वळून याले मोठा केला. म्हातारपणी हा मले पाणी पाजंल म्हणून नाही केला. जगावा म्हणून केला. घरी राहून जगत नसंल, त इथं जगू दे. माह्याकडून हो हाय."

बाबांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि तो तसाच ठेवला.

मग आईला विचारलं. आई ताठ बसली होती. "माझ्या नाही म्हणण्यानं हे अडतील," ती म्हणाली. "पण अडवलेला माणूस घरी नेऊन मी काय करू? मी हो म्हणत नाही आनि नाही बी म्हणत नाही. त्याहिले जे करायचं ते करू द्या."

खन्तिको भन्तेंना हे थाईत सांगायला बराच वेळ लागला. मोठे भन्ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झालं, आता बाबा गेले. तेवढ्यात मोठ्या भन्तेंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुझं नाव काय?" खन्तिको भन्तेंनी मला विचारलं.

"उत्पला."

"उत्पला, मोठे भन्ते म्हणतात, नियमात मुलगी नाही. पण तू पण सांग."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला रडायचं होतं, ओरडायचं होतं, घरी चला म्हणून त्यांच्या धोतराला लोंबकळायचं होतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला सगळ्यांदेखत ते करता येत नाही.

"निघायच्या दिवशी मला नळावर रंजू भेटली होती," मी म्हणाले.

बाबांचं डोकं वर आलं.

"कोण रंजू?" खन्तिको भन्तेंनी विचारलं. आईने हळू आवाजात त्यांना सांगितलं.

"ती म्हणाली, काकांना लवकर घेऊन ये. ती म्हणाली, काका नसले की गल्ली रिकामी वाटते. बाबा कॉलनीत असले की तिला तिचे बाबा असल्यासारखं वाटते, असं म्हणाली. मी तिला हो म्हणून आले."

"रंजू म्हणाली?" बाबांनी विचारलं. "असं म्हणाली ती?"

"हो."

"मला आजवर का नाही सांगितलं?"

"आपण जाणारच होतो ना घरी," मी म्हणाले.

बाबा तोंड झाकून रडू लागले. वाघाडेकाकांच्या मयताला रडले नव्हते, चौकशीत रडले नव्हते. त्या दालनात, परक्या माणसांसमोर, मोठ्याने रडले. आजी उठायला लागली, आईने तिला धरून ठेवलं. बाबांचा आवाज थांबला तेव्हा मोठ्या भन्तेंनी एकच गोष्ट विचारली.

"मोठे भन्ते म्हणतात, आता काय पाहिजे?"

बाबांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले. "त्या पोरीला एकदा भेटून यायला पाहिजे," ते म्हणाले.

"मग नऊ दिवस चीवर घ्या. नऊ दिवस बसा. मग घरी जा." खन्तिको भन्ते मोठ्या भन्तेंचं ऐकून पुढे म्हणाले, "विहार कुठे पळून जात नाही. मोठे भन्ते म्हणतात, परत यायची वाटली तर ये."

त्या दिवशी आजीने पहिली बट कापली. मग आईने, मग मी. मग वस्तरा फिरला. तिकडे भुवयासुद्धा काढतात. ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी मान वर केली तेव्हा तो चेहरा आमच्या घरातला नव्हता. डोळे उघडे पडल्यासारखे दिसत होते.

संघासमोर त्यांना पालीत प्रश्न विचारले. कोणते प्रश्न असतील, ते खन्तिको भन्तेंनी आम्हाला आधीच समजावून ठेवलं होतं. कुष्ठरोग आहे का, फेफरं येतं का, असे कितीतरी. त्यातच एक येतो, "मनुस्सोसि?" तू माणूस आहेस ना? बाबा तिथे अडले. बाकीच्यांना वाटलं शब्द विसरले. मग अगदी हळू म्हणाले, "आम भन्ते." होय भन्ते.

ते नऊ दिवस आम्ही तिघी विहाराजवळच्या एका घरात राहिलो. रोज उजाडता उजाडता भन्तेंची रांग गावातून अनवाणी निघायची. आम्ही रस्त्याच्या कडेला बांबूच्या टोपल्यांत चिकट भात घेऊन गुडघ्यांवर बसायचो. बाबा रांगेत शेवटचे. नवे म्हणून. पहिल्या दिवशी ते आजीसमोर आले, भिक्षापात्राचं झाकण काढलं आणि नजर खाली ठेवून उभे राहिले. आजीने भाताचा गोळा आत ठेवला आणि आपल्या लेकापुढे रस्त्याच्या मातीला कपाळ टेकलं. बाबांना तिला उठवता येईना. भन्तेंनी बाईला हात लावायचा नसतो, ती आई असली तरी. मग ते पुढे माझ्यासमोर आले. मी भात टाकला. त्या दिवसांत मी त्यांना बाबा म्हटलं नाही. खन्तिको भन्तेंनी सांगितलं होतं, भन्ते म्हणायचं.

सहाव्या दिवशी आईने कुठूनशी तांदळाची पिठी मिळवली आणि भाकरी थापली. बोटाएवढं तिखट आणि तेल तिच्यावर. ती तिने पात्रात ठेवली. बाबा उभेच राहिले. पुढची रांग वळणापर्यंत गेली तरी उभे. मग चालू लागले. त्या दुपारी खन्तिको भन्ते मुद्दाम येऊन आईला म्हणाले, "काकू, नवीन भन्तेनी आज तुमचा भाकरी तुकडा तुकडा करून सगळ्यांना दिला. मला पण मिळाली. मला पुण्याची आठवण आली."

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाबा आता झोपडीत, आत झोपत होते.

दहाव्या दिवशी बाबांनी चीवर उतरवलं आणि शर्ट-पँट घातली. ती ढगळ होत होती. मोठ्या भन्तेंनी निरोप देताना आजीला खन्तिको भन्तेंकरवी विचारलं, "पुन्हा याल का?" आजी म्हणाली, "मी आता कायची येतो बापा. तुम्हीच या." मोठे भन्ते खूप हसले. दोघांपैकी कोणीच पुन्हा कुठे गेलं नाही. तीन वर्षांच्या अंतराने दोघंही वारले.

बाबा मागच्या वर्षी गेले, आपल्या घरी, आपल्या खाटेवर. म्हणून आता सांगायला हरकत नाही.

रंजू मला नळावर भेटली होती, हे खरं. निघायच्या दिवशी मी शेवटचा हंडा भरायला गेले तेव्हा ती तिथे होती. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. "तुह्या बापाले सांग, आता तिकडंच राह्य म्हणा," ती म्हणाली. "आमच्या दारासमोरून पुन्हा जाऊ नको म्हणा." एवढंच. मी हंडा घेऊन घरी आले. सात महिने ते वाक्य मी प्रत्येक गावी सोबत नेलं, आणि बुद्धापुढे बसून ते उलटं करून सांगितलं.

परतीच्या प्रवासात खरं सांगायला मी तोंड उघडायचे आणि पाणी मागायचे. विमानात, कलकत्त्याच्या स्टेशनावर, गाडीत. बाबा मात्र किती दिवसांनी बोलत होते. रंजूसाठी त्यांनी बँकॉकला कंपासपेटी घेतली होती. ती पुन्हा पुन्हा पिशवीतून काढून बघायचे. "तिचं गणित चांगलं आहे ना?" मला विचारायचे. मी हो म्हणायचे.

चंद्रपूरहून जीपने कॉलनीत उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. बाबांनी सामान अंगणातच ठेवलं. "मी आधी वाघाड्यांकडे जाऊन येतो," ते म्हणाले आणि पाय धुवायला वळले.

मी मागच्या दाराने धावले. नाल्याच्या बाजूची वाट घेऊन, क्वार्टरांच्या मागून, चप्पल न घालता. रंजू घरात एकटीच होती. तिची आई कामावर गेली होती. वाघाडेकाकांच्या जागी तिला खाणीच्या कँटीनमध्ये नोकरी मिळाली होती. रंजू दाराजवळ बसून सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"रंजू, मी खोटं बोलले," मी म्हणाले. धाप लागली होती. "बाबा तिकडंच राहणार होते. भन्ते होणार होते. मी तुझं नाव सांगितलं. तू बोलावलं म्हणून सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणून सांगितलं?"

"काकांना लवकर घेऊन ये, असं तू म्हणालीस म्हणून."

"मी?"

"ते तेच ऐकून आले. आता इकडंच येऊन राहिले." मला रडू फुटलं. "तुला जे म्हणायचं ते मला म्हण. त्यांना नको म्हणू."

तिने सुपातला एक खडा काढून बाहेर फेकला. मग दुसरा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर पावलं वाजली आणि फाटकाची कडी निघाली.

बाबा अंगणात येऊन थांबले. हातात कंपासपेटीची पिशवी. डोक्यावर जेमतेम खुंट उगवलेले, भुवयांच्या जागी नुसती काळपट रेघ. सात महिन्यांत ते अर्धे झाले होते. रंजूने त्यांना ओळखलं की नाही कोण जाणे. ती त्या उघड्या, भुवया नसलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग बाबांनी हात जोडले. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीपुढे, भर अंगणात, जोडून तसेच धरले.

मी डोळे मिटून घेतले.

"किती दिवस लावले काका," रंजूचा आवाज आला. "मी उत्पलाले नळावर सांगतलं होतं ना, काकाले लवकर घेऊन ये म्हणून."

मी डोळे उघडले तेव्हा तिने सूप बाजूला सरकवलं होतं आणि बाबांना बसायला चटई झटकत होती.